पहाटेपासून बघा, तर शेवटची दोन मिनिटं कळतील

अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉल लीगचा प्लेऑफ (बाद फेरीचा) सामना शेवटच्या क्वार्टरपासून लावणारी मंडळी कोल्हापुरात बक्कळ आहेत. त्यांचं गणित सरळ असतं. मॅच सहाला सुरू होणार, निकाल साडेआठच्या पुढे लागणार, मग आठला उठून शेवटचा अर्धा तास बघितला की झालं. अशा माणसाला निकाल बघायला मिळतो, मॅच मिळत नाही. संघातला सगळ्यात उंच गडी ऐन मोक्याला बाकावर का बसलाय, कोचच्या हातात टाइमआउट (खेळ थांबवून संघाशी बोलायची सवलत) असून त्यानं तो का घेतला नाही, अख्खा संघ समोरच्या एकाच बारक्या पोराच्या मागे हात धुऊन का लागलाय, याची उत्तरं पहिल्या तीन क्वार्टरमध्ये असतात, आणि पुष्कळदा आदल्या दोन-तीन मॅचमध्ये. तेव्हा पहाटे उठा.

उठायचं कधी, हे आधी नीट लावून घ्यावं लागतं. जोतिबाची चैत्र यात्रा होते त्याच सुमारास, एप्रिलच्या मध्यावर, प्ले-इनचे सामने लागतात. त्यात सातव्यापासून दहाव्या क्रमांकापर्यंतचे संघ उरलेल्या जागांसाठी भांडतात. मग पूर्व आणि पश्चिम विभागातले आठ-आठ असे सोळा संघ उरतात आणि मृगाच्या पावसापर्यंत खेळ चालतो. या दिवसांत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचं घड्याळ आपल्यामागे साडेनऊ तास असतं. तिथले रात्रीचे ८ म्हणजे आपले पहाटेचे ५:३०, तिथले ८:३० म्हणजे आपले ६, आणि पश्चिमेकडच्या संघांची १० वाजताची मॅच म्हणजे आपली सकाळी ७:३०. शनिवार-रविवारी तिकडे दुपारीही मॅच असतात. दुपारी १ ची मॅच इकडे रात्री १०:३० ला येते, म्हणजे जेवून बसायला उत्तम. साडेतीनची मात्र आपल्या मध्यरात्री एकला येते आणि दुसऱ्या दिवसाचं वाटोळं करते. खरी फसगत तारखेत होते. तिकडच्या वेळापत्रकातली रविवार रात्र ही आपली सोमवार पहाट. गजर रविवारी लावून बसलं की मोकळा पडदा बघावा लागतो, आणि सोमवारी झोप लागून राहते. ॲपमध्ये भारतीय वेळ दिसते का ते एकदा तपासून घ्या आणि पुढं फक्त तेवढंच माना. बातम्यांच्या साइटवर सगळं पूर्वेच्या वेळेत लिहिलेलं असतं.

सहाला लिहिलेल्या सामन्यात चेंडू उडतो तो दहाएक मिनिटांनी. बारा मिनिटांचे चार क्वार्टर, म्हणजे घड्याळात अठ्ठेचाळीस मिनिटं, पण प्रत्यक्षात अडीच तास जातात. सव्वासातच्या आसपास हाफटाइम येतो आणि तो पंधरा मिनिटांचा असतो. घरातली सगळी देणी याच पंधरा मिनिटांत फेडायची. नळाला पाणी आलं असेल तर ते भरून घ्यायचं, दूध तापवायचं, घंटागाडी आली तर धावत जाऊन बादली रिकामी करून यायचं. चौथा क्वार्टर आठच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे नेमका शाळेची रिक्षा, डबा आणि इस्त्रीचे कपडे यांच्या वेळेला. या टप्प्यावर घरात एक गोष्ट कधीही बोलू नका: ‘दोनच मिनिटं राहिलीत.’ अटीतटीच्या मॅचमध्ये शेवटची दोन मिनिटं सहज पंधरा मिनिटं खातात. आधीच ‘वीस मिनिटं’ सांगून ठेवावं. मॅच लवकर संपली तर घरात चांगलं नाव होतं. बरोबरी होऊन ओव्हरटाइम लागला, तर खेळाची पाच मिनिटं वाढतात आणि आपल्याला आणखी वीसेक मिनिटांची उधारी मागावी लागते.

मिसळ मॅच संपल्यावर. यावर तडजोड नाही. कटाची वाटी हातात असताना कुणी शेवटच्या सेकंदाला थ्री, म्हणजे लांबून तीन गुणांचा शॉट, मारला, की तर्री सोफ्यावर सांडते आणि तो डाग पुढचा सीझन येईपर्यंत राहतो. मॅचभर चहा-खारी पुरते.

मॅच बहुतेक जण नेटवरच बघतात. एचडी दर्जात तासाला साधारण तीन जीबीपर्यंत डेटा जातो, म्हणजे एका मॅचला सहा-सात जीबी. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीत हे बसत नाही, दर्जा उतरवला तरी कसंबसं. घरात वायफाय असेल तर राउटरला छोटा यूपीएस लावून घ्या. जूनमधल्या पहिल्या पावसात लाइट जाते ती पहाटेच. यूपीएस घेताना राउटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय की ९, आणि पिन कुठली बसते, ते बघूनच घ्या. चुकीचा व्होल्टेज दिला तर राउटर चालत नाही किंवा कायमचा जातो. टीव्ही इन्व्हर्टरवर नसेल तर मोबाइल भरून ठेवा.

चित्र आपल्यापर्यंत अर्धा-पाऊण मिनिट उशिरानं पोचतं. स्कोअर दाखवणारं ॲप त्याच्या पुढे धावतं. पडद्यावर खेळाडू अजून फ्री थ्रो (फाउलपोटी मिळणारा एका गुणाचा मोकळा शॉट) मारायला उभा असतो आणि खिशातला फोन थरथरून निकाल सांगून टाकतो. स्कोअरच्या सूचना बंद, मित्रांचा ग्रुप म्यूट, आणि पुण्या-मुंबईत राहणाऱ्या चुलतभावाला आदल्या रात्रीच तंबी, एवढं करूनच बसायचं. त्याचं चित्र आपल्याआधी पोचत असेल तर त्याचं ‘गेली रे!’ सगळी मेहनत पाण्यात घालतं.

आता मुद्द्याचं. जवळ एक वही ठेवा आणि पहिल्या मिनिटापासून चार गोष्टी लिहीत जा: कुणाला किती फाउल झाले, संघाचे या क्वार्टरमध्ये किती, टाइमआउट किती उरले, आणि चॅलेंज (पंचाच्या निर्णयाला आव्हान) वापरलं का. गुण लिहायची गरज नाही, ते पडद्यावर असतातच.

सहाव्या फाउलला खेळाडू बाहेर जातो तो मॅच संपेपर्यंत. म्हणून पहिल्याच क्वार्टरमध्ये बचावातल्या मुख्य खेळाडूला दोन फाउल झाले की कोच त्याला उचलून बाकावर बसवतो. तो परत येतो, पण हात आखडून खेळतो. चौथ्या क्वार्टरमध्ये समोरचा गडी बास्केटकडे मुसंडी मारतो तेव्हा हा फक्त हात वर करून उभा राहतो. आठला उठलेल्या माणसाला वाटतं, याला आज काय झालंय? त्याला सकाळी सव्वासहाला दोन फाउल झालेत, दुसरं काही नाही.

संघाच्या फाउलची गोष्ट वेगळी. एका क्वार्टरमधले पहिले चार साधे फाउल जवळजवळ फुकट असतात, चेंडू पुन्हा बाजूनं आत येतो एवढंच. पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो. पण आधीचे चार पुरे वापरले नसतील, तरी शेवटच्या दोन मिनिटांत फक्त एकच फुकट मिळतो, दुसऱ्यापासून दंड. हा शिल्लक राहिलेला एक फाउल म्हणजे सोनं. पाच-सहा सेकंद उरलेत, समोरच्यानं चाल रचलीय, गडी सुटायच्या बेतात आहे, तेवढ्यात याला धरायचं. चाल मोडते, सेकंद जातात, फ्री थ्रोही द्यावा लागत नाही. फक्त धरायचं ते तो शॉटसाठी हात उचलायच्या आत. एक क्षण उशीर झाला की दोन-तीन फ्री थ्रो देऊन बसतो.

टाइमआउट मॅचभरासाठी सात. चौथ्या क्वार्टरमध्ये त्यातले जास्तीत जास्त चारच नेता येतात, आणि शेवटच्या तीन मिनिटांत दोनच हातात राहतात. शेवटच्या दोन मिनिटांत टाइमआउटची किंमत दुप्पट होते, कारण तो घेतला की चेंडू आपल्या टोकाकडून न आणता थेट समोरच्या अर्ध्यात आणून खेळता येतो. दोन सेकंदांत चौऱ्याण्णव फुटांचं मैदान पार करणं कुठे आणि बास्केटच्या जवळून सुरुवात करणं कुठे! चॅलेंजही टाइमआउटला बांधलेलं आहे. पंचाचा निर्णय चुकीचा आहे असं म्हणायचं तर हातात टाइमआउट लागतो, आणि दावा फसला तर तोही जातो. २०२३-२४ पासून पहिला दावा बरोबर निघाला तर दुसरा मिळतो. दुसऱ्या क्वार्टरमध्ये बाहेर गेलेल्या चेंडूवरून रागारागानं चॅलेंज उडवणारा कोच बघितला, की वहीत त्याच्या नावापुढे फुली मारून ठेवा. आठ-वीसला ती फुली कामाला येते.

कोल्हापूर फुटबॉलवर वाढलेलं गाव आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबाची मॅच बघणाऱ्याची नजर चेंडूवर असते आणि तिथे ते बरोबर आहे. इथे चेंडू सोडून बघायला शिका. पडद्यावर चेंडू घेऊन आलेला गडी दिसला की लगेच दुसरा प्रश्न विचारायचा: त्याला स्क्रीन द्यायला कोण येतोय? स्क्रीन म्हणजे साथीदारानं येऊन बचाव करणाऱ्याच्या वाटेत खांबासारखं उभं राहायचं. साध्या मॅचमध्ये स्क्रीन द्यायला उंच गडी येतो. प्लेऑफमध्ये तो कुठलाही येतो, कारण निवड उलट्या बाजूनं होते. समोरच्या पाचांत सगळ्यात कच्चा बचाव कुणाचा आहे ते आधी हेरायचं, तो ज्याला धरून उभा आहे त्यालाच स्क्रीन द्यायला बोलवायचं. बचाव करणाऱ्यांनी गडी बदलले, म्हणजे स्विच केला, की तो कच्चा बचावपटू आपल्या सगळ्यात तगड्या खेळाडूसमोर आपोआप येऊन उभा राहतो. बदलायचं नसेल तर उंच गड्याला मागे बास्केटपाशी थांबवायचं, पण मग मधल्या टापूतून मोकळा शॉट जातो. किंवा दोघांनी मिळून चेंडूवाल्यावर तुटून पडायचं, मग कुठेतरी चौथा-पाचवा मोकळा सुटतो. प्रत्येक उपायाला भोक असतंच. कोच फक्त कुठलं भोक परवडेल ते ठरवतो.

आणि हे एकदा होऊन संपत नाही. सातपैकी चार जिंकायच्या, त्याही त्याच संघाविरुद्ध. पहिल्या दोन वरच्या क्रमांकाच्या संघाच्या घरी, पुढच्या दोन खालच्याच्या, मग एकेक आलटून पालटून. खासबागेच्या मैदानात कुस्ती बघितलेल्या माणसाला इथे वेगळं काही शिकवावं लागत नाही. पहिल्या मॅचला चाललेल्या डावाला दुसऱ्या मॅचला तोड तयार असते, तिसऱ्या मॅचला त्या तोडीवर उलटडाव येतो, आणि जो वस्ताद चौथ्या मॅचलाही पहिलाच डाव घेऊन उतरतो तो पाठीवर पडतो. म्हणून एकच मालिका धरा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत बघा. रोज वेगवेगळ्या संघांची अर्धी-अर्धी मॅच बघून हाताला काही लागत नाही. (कुणाच्या बाजूनं बघायचं हे ठरत नसेल, तर सॅक्रमेंटो किंग्ज. मालक विवेक रणदिवे, मुंबईत जन्मलेले. सोळा सीझन प्लेऑफचं तोंड न बघितलेला हा संघ २०२३ मध्ये आत आला, पहिल्याच फेरीत गोल्डन स्टेट वॉरियर्सशी सात मॅच भिडला, आणि सातव्यात वॉरियर्सच्या स्टीफन करीनं एकट्यानं ५० गुण ठोकून किंग्जना घरी पाठवलं. जीव लावायला याहून चांगला संघ मिळणार नाही.)

कच्चा बचाव हेरायचा हा डाव कसा पिकतो ते बघायचं तर २०१६ ची फायनल. क्लीव्हलँड १-३ असं मागे पडलेलं, समोर सीझनमध्ये ७३ मॅच जिंकलेले वॉरियर्स. सातवी मॅच आपल्याकडे २० जूनला, सोमवारी पहाटे. शेवटच्या मिनिटाला ८९-८९. क्लीव्हलँडचा जे. आर. स्मिथ स्क्रीन द्यायला आला. का? कारण त्याला करीनं धरलं होतं. गडी बदलले गेले, करी कायरी अर्विंगसमोर आला, आणि ५३ सेकंद उरले असताना कायरीनं उजव्या बाजूनं त्याच्या डोक्यावरून थ्री घातला. शेवट ९३-८९. नुसता तो शॉट बघणाऱ्याला तो कायरीचा चमत्कार वाटतो. पण क्लीव्हलँड मालिकाभर करीच्या गड्याला स्क्रीनवर आणत होतं, त्याला घासत होतं, थकवत होतं. पिकलेलं फळ सातव्या मॅचला पडलं.

बाकावरच्या माणसाकडे लक्ष ठेवायचं ते का, हे २०१३ च्या फायनलच्या सहाव्या मॅचनं शिकवलं. सॅन अँटोनियो ३-२ नं पुढे, २८ सेकंद उरलेत आणि पाच गुणांची आघाडी. विजेत्यांसाठी मैदानाभोवती पिवळे दोर धरून माणसं उभी राहिली होती. मायामीनं एक थ्री मारला. मग सॅन अँटोनियोच्या क्वाय लेनर्डनं दोनपैकी एक फ्री थ्रो चुकवला, आघाडी तीनवर आली. थ्री अडवायला चपळ गडी हवेत म्हणून त्यांच्या कोचनं टिम डंकनला, म्हणजे आपल्या सगळ्यात मोठ्या रिबाउंडरला (हुकलेल्या शॉटचा चेंडू उचलणाऱ्याला), बाकावर बसवलं होतं. हिशेब चुकीचा नव्हता. मायामीच्या लेब्रॉनचा थ्री चुकला. पण उडालेला चेंडू ख्रिस बॉशच्या हातात पडला, आणि त्यानं तो उजव्या कोपऱ्यात उलट्या पावलांनी मागे सरकणाऱ्या रे ॲलनला दिला. कोपऱ्यात थ्रीची रेषा बास्केटपासून २२ फुटांवर असते, समोरून ती २३ फूट ९ इंच. म्हणून कोपऱ्यातला थ्री सगळ्यात स्वस्त. पण रेषा आणि मैदानाची कड यांच्यात जेमतेम तीन फूट जागा. ॲलननं खाली न बघता त्या तीन फुटांत दोन्ही पाय बसवले आणि ५.२ सेकंद उरले असताना ९५-९५ केलं. मायामी ओव्हरटाइममध्ये जिंकलं, सातवीही जिंकलं. ती पावलं एकदा बघाच, हळू करून. चेंडू हातात यायच्या आधी पाय ठरलेले आहेत.

तीन गुणांनी पुढे असताना मुद्दाम फाउल करायचा की नाही, हा वाद त्या दिवसापासून आणखी पेटला. दहा सेकंदांच्या आत असाल तर करावा, असं माझं ठाम मत आहे. दोन फ्री थ्रोनं बरोबरी होत नाही. धोका दोनच. मारणारा शॉटच्या पवित्र्यात असताना धरलं तर तीन फ्री थ्रो जातात, आणि दुसरा फ्री थ्रो मुद्दाम चुकवून रिबाउंड उचलणारे संघही असतात. त्यासाठी उंच गडी आत हवेतच. म्हणजे पुन्हा बाकावर कोण बसलंय हाच प्रश्न.

टाइमआउट न घेणंही एक डाव असतो. ६ जून २०२५, आपल्याकडे शिवराज्याभिषेक दिनाची सकाळ, इंडियाना आणि ओक्लाहोमा सिटीची फायनलची पहिली मॅच. चौथ्या क्वार्टरमध्ये इंडियाना १५ नं मागे होतं. शेवटच्या सेकंदांत समोरच्याचा शॉट चुकला, चेंडू इंडियानाकडे आला, एका गुणानं मागे. त्यांचा कोच रिक कार्लाइलनं टाइमआउट घेतला नाही. घेतला असता तर समोरच्या कोचला सगळ्यात चांगले बचाव करणारे पाच आत आणून लावून घ्यायला वेळ मिळाला असता. टायरीस हॅलिबर्टन चेंडू घेऊन थेट पुढे गेला आणि ०.३ सेकंद उरले असताना शॉट घातला. १११-११०. अख्ख्या मॅचमध्ये इंडियाना पुढे होतं ते तेवढेच ०.३ सेकंद. नियमानं ०.३ सेकंद ही शेवटची मर्यादा आहे. एवढा वेळ असेल तर चेंडू झेलून मारता येतो. ०.२ उरले तर झेलायचं नाही, हवेतल्या हवेत टोलवायचं. म्हणूनच पंच टीव्हीच्या पडद्यासमोर उभे राहून दशांश सेकंदावर एवढा वेळ घालवतात. तेव्हा चॅनेल बदलू नका.

मॅच संपली की बॉक्स स्कोअर उघडून वहीशी ताडून बघा. कोण किती मिनिटं खेळला, कुणाचे फाउल पाच झाले, फ्री थ्रो कुणी सोडले. पुढच्या मॅचला कोच काय बदलणार याचा अंदाज तिथेच लागतो. मुख्य खेळाडू बेचाळीस-त्रेचाळीस मिनिटं खेळला असेल आणि मधे एकच दिवस असेल, तर पुढच्या मॅचला चौथ्या क्वार्टरमध्ये त्याचे शॉट रिंगच्या पुढच्या कडेला आपटतील, कारण थकवा आधी पायांत उतरतो. आणि मॅच शेवटच्या दोन मिनिटांत तीन गुणांच्या आत आली असेल, तर एनबीए त्या दोन मिनिटांतल्या एकेका निर्णयाचा अहवाल दुसऱ्या दिवशी स्वतःच जाहीर करते. कुठला फाउल बरोबर, कुठला चुकीचा, कुठला द्यायला हवा होता आणि दिला नाही. २०१५ पासून ही पद्धत आहे. निकाल त्यानं बदलत नाही. पण पंचानं मॅच खाल्ली म्हणून आठवडाभर चहाच्या गाड्यावर जो वाद चालणार असतो, त्यात हा अहवाल मोबाइलवर उघडून पुढे ठेवता येतो.